आवराआवर

स्कार्वॉय बेटावरच्या मासळी कारखान्यात दिवसाचा शेवटचा कॉड मासा पट्ट्यावरून गेला की भोंगा व्हायचा. लिथुआनियाहून आलेले कामगार दाराशी रांग लावायचे, हजेरीच्या यंत्रावर कार्ड पंच करून सुटायचे, आणि तिथूनच पाठ फिरवून परत आत यायचे. रबरी बूट पायात तसेच, ॲप्रन अंगावर तसाच. मग कोणी पाण्याचा पाइप उचलायचं, कोणी फेसाची बंदूक, आणि दिवसभराचं रक्त, आतडी आणि खवले यंत्रांवरून खरवडायला सुरुवात व्हायची. हजेरीच्या लेखी त्या वेळी कारखान्यात चिटपाखरू नसायचं.

मालक ओडवारने याला नाव दिलं होतं – आवराआवर.

"आपण घरी जेवतो, मग भांडी घासतो," नव्या माणसांना तो हसत सांगायचा. "त्याचे कोणी तास लावतं का? हे आपलंच घर समजा."

बेटावरची माणसं मात्र कार्ड पंच करून खरोखरच घरी जायची. त्यांना हे आपलं घर आहे असं ओडवारने कधी सांगितलं नाही.

सोलफ्रिड या कारखान्यात सुरी घेऊन पंधरा वर्षं उभी राहिली होती. बाप मच्छीमार, आजा मच्छीमार, आणि नवराही बोटीवरच. मासळीच्या वासाचं तिला काही वाटायचं नाही. दोन वर्षांपूर्वी ओडवारने तिला सुपरवायझर केलं. ती कामात चोख होती हे खरं, पण ती त्याच्या धाकट्या भावाची, आयविंडची बायको होती हेही तेवढंच खरं. सकाळी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटर उघडायचा, आदल्या दिवशीच्या तासांवरून नजर फिरवायची आणि खालचं हिरवं बटण दाबायचं. 'नोंद बरोबर आहे', असं त्या बटणावर लिहिलेलं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "ओडवार, धुण्याचा वेळ यात कुठे आहे?"

"त्यांच्या पगारात धरलेलाच आहे गं," तो म्हणाला होता. "उगाच कशाला खोलात शिरतेस? तू बटण दाब."

तिला तेव्हा जराशी शिसारी आली होती. ओल्या फडक्याला येतो तसा एक कुबट वास मनात राहून गेला होता. मग त्याचीही सवय झाली. बटण दाबायचं, कॉफी घ्यायची, कामाला लागायचं. संध्याकाळी दाराशी उभं राहून ती सगळ्यांना कार्ड पंच करताना पाहायची आणि त्यांच्या तोंडाकडे न बघता बुटांकडे बघायची.

मार्च महिना, हंगाम ऐन भरात. बोटी खच्चून भरून यायच्या. त्या दिवशीही भोंगा झाला, रांग लागली, कार्डं पंच झाली. सोलफ्रिड वर कपडे बदलायच्या खोलीत गेली होती. एक बूट काढला होता, तेवढ्यात खालून किंकाळी आली.

ती एका पायात बूट आणि एका पायात लोकरी मोजा, तशीच जिना उतरली. किंकाळी फोडत होती ती एग्ले. जिचा हात सापडला होता ती तिची थोरली बहीण युराते मात्र गप्प होती. मुंडकी उडवणाऱ्या यंत्रापुढच्या पट्ट्याशी ती वाकून उभी होती, जणू काही खाली पडलेलं शोधतेय. रोलरवरचं जाळीचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं. झाकण लावून नि यंत्र बंद करून धुवायचं म्हटलं तर दुप्पट वेळ जातो, म्हणून सगळेच झाकण काढून, पट्टा चालू ठेवून धुवायचे. युरातेचा हातमोजा रोलरने खेचून घेतला होता आणि त्याच्यासोबत हातही.

सोलफ्रिडने लाल बटणावर मूठ आपटली. पट्टा थांबला. केस्तुतिस नावाचा म्हातारा कामगार पाना घेऊन धावत आला. त्याने रोलर सैल केला तेव्हा युराते एकदम खाली बसली आणि आपल्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तशी बघत राहिली. पांढरा फेस गुलाबी होत होत गटाराकडे निघाला होता.

"बोटं शोधा!" कोणीतरी ओरडलं. "बर्फात ठेवली तर जोडतात!"

सोलफ्रिड गुडघ्यांवर बसली आणि गटाराच्या जाळीत हात घातला. दिवसभराची घाण तिथे साचलेली होती. आतड्यांचे पुंजके, फुटलेली पित्ताशयं, गाभोळीचे लिबलिबीत गोळे. बोटांनी ती ते चिवडत राहिली. दोनदा तिला वाटलं सापडलं, आणि दोन्ही वेळा तो कॉडच्या गालाचा तुकडा निघाला. तिसऱ्यांदा हाताला नख लागलं.

आयुष्यात पहिल्यांदा तिला या जागेत ओकारी आली. तिने ती गिळली.

तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोर दोन स्वच्छ, कोरडे बूट येऊन थांबले. ओडवार होता. त्याने एकदा युरातेकडे पाहिलं, एकदा रोलरकडे, मग सोलफ्रिडच्या कानाशी वाकला.

"कार्ड पंच केलं होतं ना तिने?" त्याने हळूच विचारलं.

सोलफ्रिडच्या मुठीत त्या वेळी युरातेचं बोट होतं.

रुग्णवाहिकेची बोट आली, युरातेला मोठ्या शहरातल्या इस्पितळात घेऊन गेली. एग्ले सोबत गेली. दोन बोटं गेली, एकही जोडता आलं नाही, आणि तिसरं आता कधी वाकणार नाही, असं दुसऱ्या दिवशी कळलं.

त्याच दिवशी ओडवारने जेवणाच्या खोलीत क्रीमचा मोठा केक आणला. वर स्ट्रॉबेऱ्या लावलेल्या. त्याने टोपी काढली, घसा खाकरला, "आपल्या कुटुंबावर आघात झालाय" असं म्हणाला आणि स्वतःच्या हाताने केक कापून सगळ्यांना वाढला. त्याचे डोळे खरंच पाणावले होते. लिथुआनियाची माणसं बशा हातात धरून उभी होती. बेटावरची माणसं खात होती. सोलफ्रिडने आपली बशी खिडकीत ठेवून दिली. क्रीम बघवत नव्हतं.

"जरा वर ये," ओडवार जाता जाता म्हणाला.

वर त्याने तिच्यापुढे अपघाताचा अहवाल ठेवला. त्यात लिहिलं होतं की युराते काम संपवून सुटली होती, फोन विसरला म्हणून परत आत आली, आणि कुतूहलाने की कशाने कोण जाणे, चालू पट्ट्याला हात लावला.

"खाली सुपरवायझर म्हणून तुझी सही हवी."

"ती फोन आणायला आली नव्हती, ओडवार. ती धूत होती."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? रोजच धुतात!"

"हजेरीत कुठे आहे ते?" त्याचा आवाज अजून मऊच होता. "हे बघ, विमा कंपनी हजेरी मागणार. हजेरी सांगते ती सुटली होती. आता ती कामावर होती असं म्हटलं, तर मग बाकीचे रोजचे तास कुठे गेले हा प्रश्न आलाच. आणि रोजच्या तासांखाली कोणाचं नाव आहे? माझं नाही. मी ते बघतसुद्धा नाही."

त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. ओळीखाली ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे तिचंच नाव. सोलफ्रिड, सोलफ्रिड, सोलफ्रिड. भिंतीवरच्या बुरशीसारखं ते नाव वरपासून खालपर्यंत पसरलेलं होतं.

"मी तुला धमकी देतोय असं नको समजूस," तो म्हणाला. "मी तुला वाचवतोय. घरचीच आहेस तू."

तिने सही केली नाही. 'विचार करते' म्हणाली आणि निघाली. ओडवारचा राग यायला हवा होता, पण राग येतो तेव्हा माणसाला बरं वाटतं, जोर येतो. तिला नुसतं अंग धुवावंसं वाटत होतं.

रविवारी सासूबाईंकडे जेवण होतं. बोर्घिल्डबाई ऐंशीच्या पुढच्या, पण हंगामातलं हे जेवण दरवर्षी स्वतः करायच्या. उकडलेला कॉड, त्याची कलेजी, गाभोळी आणि बटाटे. ओडवार, त्याची बायको, आयविंड आणि सोलफ्रिड असे सगळे एका टेबलाशी बसले होते. ओडवारला माशाचं मुंडकं आवडायचं. त्याने ते बशीत घेतलं, बोटांनी फोडलं, गालातलं मांस उकरून काढलं आणि मग एकेक बोट तोंडात घालून चोखलं.

"फुलं पाठवली मी तिला," चोखता चोखता तो सांगत होता. "साधीसुधी नाहीत, ट्यूलिप. आणि आपल्या कारखान्याच्या खोलीचं या महिन्याचं भाडं घेणार नाही म्हणून सांगितलंय."

"तू पहिल्यापासूनच मऊ मनाचा," बोर्घिल्डबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "आणि काय गं, तू म्हणे सहीसाठी अडून बसलीयस?"

सोलफ्रिडने आयविंडकडे पाहिलं. तो बटाटा कुस्करत होता.

"जे झालं नाही ते लिहिलंय त्यात, आई."

"अगं, कागदावर काय, हजार गोष्टी लिहितात! हा कारखाना बंद पडला तर बेटावर राहील काय? शाळा जाईल, दुकान जाईल. त्या पोरी काय, हंगाम संपला की आपल्या देशात जातात. आपल्याला इथेच मरायचंय."

"तिची बोटं गेली, आई."

"माझ्या बापाचा अख्खा हात गेला होता. कोणी सरकारकडे रडत गेलं नाही."

ओडवार हसला आणि कलेजीचं तेल बटाट्यांवर ओतलं. त्याच्या हनुवटीवर तेलाचा ओघळ आला. तो त्याने करंगळीने पुसला आणि करंगळीही चोखली. सोलफ्रिड उठली. 'जरा हवा खाऊन येते' म्हणाली, आणि अंगणातल्या बर्फात उभी राहून जे पोटात होतं ते सगळं टाकलं.

आयविंड मागून आला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"घरी जाऊ या," तो म्हणाला.

"तुला काय वाटतं ते सांग."

"तो माझा भाऊ आहे, सोल. माझी बोट त्याच्याच धक्क्यावर मासे उतरवते." तो समुद्राकडे वळला. "मला काही वाटून घ्यायला लावू नकोस."

युरातेनेच तोंड उघडलं तर आपल्याला बळ येईल, असं सोलफ्रिडच्या मनाने घेतलं. बुधवारी ती सकाळची फेरीबोट पकडून शहरात गेली. इस्पितळात युराते खिडकीशी बसली होती. हाताचं केवढं तरी बोचकं बांधलेलं. टेबलावर ट्यूलिप होते, पाणी न बदलल्याने माना टाकलेले, आणि फुलदाणीतून उग्र वास येत होता.

"ओडवारने अहवाल केलाय," सोलफ्रिड म्हणाली. "त्यात लिहिलंय की तू फोन आणायला..."

"हो. मी फोन आणायलाच गेले होते."

"युराते!"

"परवा त्याचा माणूस आला होता कागद घेऊन. मी सही केली. डाव्या हाताने." तिने बोचक्याकडे मान हलवली. "एग्लेला तो कायमची नोकरी देणार आहे. खोलीही राहील. तिला घरी दोन मुलं आहेत, आणि आईही तीच बघते."

"पण मग तुला अपघाताचं काहीच मिळणार नाही. जन्मभराचं अपंगत्व आहे हे. तुला समजतंय का तू कशावर सही केलीयस?"

युरातेने तिच्याकडे पाहिलं. गेल्या दोन वर्षांत त्या दोघींनी एकमेकींकडे असं सरळ कधी पाहिलंच नव्हतं.

"मला समजत नाही असं तुला वाटतं? मी तिकडे बालवाडीत शिकवायचे. मला वाचता येतं." तिचा आवाज चढला नाही. "तू रोज दाराशी उभी असायचीस. आम्ही कार्ड पंच करायचो आणि परत फिरायचो. तुला तेव्हा काय दिसत होतं? बूट! तू आमचे बूट बघायचीस. आता माझी बोटं गेली तर तुला अंग धुवावंसं वाटतंय. धू ना. पण माझ्या बहिणीच्या पोटावर पाय देऊन नको धूस."

त्या बाईने आपल्या मनातले नेमके तेच शब्द कसे उचलले याचीच सोलफ्रिडला धडकी भरली. ती फुलं घेऊन बेसिनशी गेली, घाण पाणी ओतलं, फुलदाणी घासली, ताजं पाणी भरलं. मग त्या मेलेल्या फुलांकडे पाहून तिला स्वतःचाच संताप आला आणि ती तिने कचऱ्याच्या डब्यात कोंबली.

"हे बरं केलंस," युराते म्हणाली. एवढंच.

परतीच्या फेरीबोटीवर सोलफ्रिड डेकवर थंडीत उभी राहिली. आत लोक सॉसेज खात होते आणि तळणीचा वास तिला सोसत नव्हता. युरातेचं बरोबर होतं. आपण न्यायासाठी निघालो नव्हतोच, आपल्याला सुटका हवी होती. बेटावर उतरेपर्यंत तिने मनाशी ठरवून टाकलं की सही करायची नाही, पण बोलायचंही नाही. सुपरवायझरचं काम सोडायचं, परत सुरी धरायची आणि सगळ्यांनी आपापलं बघावं.

गुरुवारी ती हे ओडवारला सांगणारच होती, पण मोठी बोट आली आणि दिवसभर कोणाला मान वर करता आली नाही. भोंगा झाला. रांग लागली. कार्डं पंच झाली. सोलफ्रिड दाराशी उभी होती, आणि त्या दिवशी ती बुटांकडे बघत नव्हती. म्हणून तिला दिसलं.

एग्लेने कार्ड पंच केलं, वळली, पाइप उचलला आणि मुंडकी उडवणाऱ्या यंत्राकडे गेली. बहिणीची जागा रिकामी होती, तिथे तिला नेमलं होतं. तिने जाळीचं झाकण काढून बाजूला ठेवलं. पट्टा चालू केला. रोलरखाली कोपऱ्यात काहीतरी अडकलेलं होतं, ते काढायला ती वाकली आणि हातमोजा घातलेला हात पुढे केला.

सोलफ्रिड तिथपर्यंत कशी पोचली हे तिला नंतर आठवेना. लाल बटणावर तिने तळहात मारला आणि एग्लेच्या हातातला पाइप हिसकावून घेतला. तो सुटला, जमिनीवर सापासारखा वळवळला आणि दोघींना भिजवून गेला.

"बाहेर!" ती ओरडली. "सगळ्यांनी बाहेर! दाराशी चला!"

सगळे थांबले. 

"कार्ड पंच करा. आत आल्याचं. कामावर आल्याचं. मग धुवा."

"ओडवारने सांगितलंय?" कोणीतरी विचारलं.

"मी सांगतेय."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. "तू माझी नोकरी घालवणार," एग्ले पुटपुटली. "तुला युरातेने सांगितलं होतं ना? सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं," सोलफ्रिड म्हणाली. "पण तुझा हात गेला तर तिची सही कोणाच्या कामाची?"

केस्तुतिसने कान खाजवला. मग तो सावकाश दाराशी गेला, कार्ड काढलं आणि पंच केलं. यंत्र वाजलं. "माझं साठीचं वय," तो म्हणाला, "मला काढलं तर बागेत बटाटे लावीन." त्याच्यामागून एक बाई गेली, मग आणखी दोघं. एग्ले शेवटची गेली. कार्ड पंच करताना ती रडत होती.

ओडवार जिन्यावरून उतरत आला. "हे काय चाललंय?"

"आवराआवर," सोलफ्रिड म्हणाली. "तुझी नाही, माझी. झाकणं लावा, पट्टे बंद करा, मग धुवा. सगळ्यांचे तास लागतील."

"वर ये. आत्ताच्या आत्ता."

"इथेच बोल."

त्याने आजूबाजूला पाहिलं. वीसएक माणसं पाइप धरून उभी होती आणि पाणी बंद होतं. त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग, हेच तिला सर्वांत ओंगळ वाटलं, तो हसला. तेच, 'हे आपलंच घर समजा' म्हणतानाचं हसू.

"दमलीयस तू, सोलफ्रिड. समजतं मला. त्या दिवसाचा धक्का बसलाय. घरी जा, चार दिवस विश्रांती घे. पगारी रजा."

"अजून भोंग्यानंतरचा एक तास नीट लिहायला तुझ्या जिवावर येतं, आणि मला चार दिवस फुकट देतोस?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. ओडवारचं हसू गेलं. तो जिना चढून वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलफ्रिडने कामगार निरीक्षण खात्याला फोन केला. पलीकडे एका तरुण मुलीचा कोरडा आवाज होता. कारखान्याचं नाव सांगितल्यावर तिने विचारलं, "तुम्ही तिथे कोण?"

"हजेरीच्या खोट्या नोंदी बरोबर आहेत असं रोज म्हणणारी बाई," सोलफ्रिड म्हणाली. "दोन वर्षं."

मग ती मुलगी म्हणाली, "जरा सावकाश सांगा. मी लिहून घेते."

निरीक्षक आली ती पन्नाशीची, ठेंगणी, सर्दी झालेली बाई होती. तिने एकेकाला बोलावून विचारलं. बेटावरच्या माणसांना काहीच माहीत नव्हतं. भोंगा झाला की आम्ही घरी जातो, मागे काय होतं कोण जाणे. शाळेत सोलफ्रिडच्या शेजारी बसणाऱ्या तिच्या मैत्रिणीनेही तेच सांगितलं, आणि बाहेर येताना सोलफ्रिडला कोपराने ढकललं. लिथुआनियाच्या निम्म्या माणसांनी खरं सांगितलं, निम्मी गप्प राहिली. ओडवारने हजेरीचे कागद छापून नीट फाइलला लावून दिले होते.

निरीक्षकबाईंनी फाइल चाळली, नाक शिंकरलं आणि खाली कारखाना बघायला गेल्या. सकाळची वेळ होती, काम सुरू व्हायचं होतं. सगळी यंत्रं लख्ख होती, एक खवलाही नाही.

"छान ठेवलंय हो," त्या म्हणाल्या. "कोण धुतं?"

"आमची माणसं," ओडवार अभिमानाने म्हणाला.

"केव्हा?"

त्याने फाइलकडे पाहिलं.

"या कागदांप्रमाणे काल भोंग्यापासून आज सकाळपर्यंत इथे कोणी नव्हतं. परवाही नाही. गेली दोन वर्षं, एक गुरुवार सोडला तर, कोणी नाही." त्यांनी पुन्हा नाक शिंकरलं. "मग कोण धुतं? भुतं?"

ओडवारने सोलफ्रिडकडे पाहिलं. त्याने काय उत्तर दिलं ते बेटावर कोणी नीट सांगत नाही, पण तो बराच वेळ बोलत होता आणि निरीक्षकबाई बराच वेळ लिहीत होत्या.

पुढे सगळं सरकारी चालीने झालं. कारखान्याला दंड झाला. रोलरला असं झाकण बसवलं की ते काढलं तर पट्टा चालूच होत नाही. युरातेचा अपघात कामावरचाच ठरला आणि तिला जन्मभराची भरपाई मिळाली. एग्लेला काढायची ओडवारची छाती झाली नाही, कारण आता कागद बघणारं कोणीतरी होतं. सोलफ्रिडचा जबाब घेताना निरीक्षकबाई म्हणाल्या की तुमच्यावर दबाव होता असं लिहू या.

"नाही," सोलफ्रिड म्हणाली. "दबाव नंतर आला. आधी नुसता आळस होता. तसंच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. तिला लेखी ताकीद मिळाली.

तिने सुपरवायझरचं काम सोडलं आणि परत सुरी धरली. जेवणाच्या खोलीत बेटावरची माणसं तिच्या टेबलाशी बसेनाशी झाली. लिथुआनियाची माणसंही बसायची नाहीत, दोन वर्षं ती दाराशी उभी होती हे ती विसरली नव्हती. ती एकटी बसून ब्रेड आणि चीज खायची. युराते हंगामाअखेर मायदेशी गेली. जाताना ती कारखान्यात आली, सगळ्यांना भेटली. सोलफ्रिडपाशी थांबली.

"मी तुझे आभार मानणार नाही," ती म्हणाली.

"नको मानूस."

"पण तुझ्यावर रागही नाही आता. कंटाळा आला रागावून." आणि ती गेली.

बोर्घिल्डबाईंचं दार सोलफ्रिडला बंद झालं. आयविंड रविवारी एकटाच आईकडे जायचा आणि लवकर परत यायचा. तिकडे काय बोलणं होतं ते तो सांगायचा नाही, ती विचारायची नाही. त्या वसंतात त्यांच्या घरात बहुतेक वेळ रेडिओच बोलत होता.

मग सतरा मे आला. राष्ट्रदिनाची मिरवणूक, बँड, झेंडे, शाळेच्या पटांगणावर आइसक्रीमच्या गाड्या. सगळं बेट ठेवणीतल्या कपड्यांत जमलं होतं. ओडवार सूट घालून लोकांमध्ये फिरत होता, म्हाताऱ्यांची चौकशी करत होता, पोरांना आइसक्रीम घेऊन देत होता. आणि लोक त्याच्याशी हसून बोलत होते. महिन्याभरातच दंडाची गोष्ट पुसली गेली होती, उरली होती ती सोलफ्रिडची. कसली जत्रा आहे ही, तिच्या मनात आलं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि सगळे एकमेकांच्या छातीवर झेंड्याच्या रंगांच्या रेशमी फिती लावताहेत.

ओडवार त्यांच्यापाशी आला. त्याच्यामागे चारपाच जण होते.

"काय सोलफ्रिड!" तो मोठ्याने म्हणाला. "आज सुट्टी की कामावर? नाही, आधी विचारलेलं बरं. इथे उभी राहिलीस त्याचे तास लावशील आम्हाला!"

लोक हसले. शाळेपासूनची मैत्रीणही हसली. सोलफ्रिड त्याच्या चकचकीत घोटलेल्या हनुवटीकडे बघत राहिली.

"पुरे," आयविंड म्हणाला.

ओडवार अजून हसतच होता. "अरे, गंमत केली..."

"पुरे म्हटलं ना, ओडवार." आयविंडचा आवाज मोठा नव्हता, पण आजूबाजूचं हसणं थांबलं. "युरातेचा हात सापडला त्या दिवशी तू खाली आलास तेव्हा पहिला प्रश्न काय विचारलास, ते हिने मला सांगितलंय. इथे सगळ्यांना सांगू?"

ओडवारने भावाकडे पाहिलं, मग लोकांकडे. "चला, बँड सुरू होतोय," असं काहीतरी म्हणत तो गर्दीत शिरला. मागची माणसं इकडेतिकडे पांगली.

आयविंडची मान लाल झाली होती. त्याला असं चारचौघांत बोलायची सवय नव्हती.

"आता मासे कुठे उतरवशील?" सोलफ्रिडने विचारलं.

"शेजारच्या बेटावर. दोन तास जास्त लागतील." तो झेंड्यांकडे बघत म्हणाला. "आइसक्रीम घेणार का?"

तिला खावंसं वाटत नव्हतं. तरी ती त्याच्यासोबत रांगेत जाऊन उभी राहिली.